मागे बघणारी टिटवी

शेवंतामावशीच्या हातात काहीही दिलं की ती आधी ते उलटं करून बघायची. कापड असो, दिवाळीच्या फराळाचं ताट झाकलेला रुमाल असो, नाहीतर माझ्या दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका. त्या पत्रिकेच्या मागच्या बाजूला शाईचा डाग उमटला होता. "छापणाऱ्याला घाई झालेली दिसतेय," असं म्हणून तिनं पत्रिका मला परत केली. मी आमंत्रण द्यायला गेलो होतो, परीक्षा द्यायला नव्हे. पण देवळाली कॅम्पात तिच्या शेजारी दुकान घेतलं म्हणजे रोजच परीक्षा आहे, हे मला हळूहळू कळत गेलं.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, आणि कॅम्पात राहायचं म्हणून लष्कराचे फलक. नव्वदच्या सुरुवातीला मी तिथं बस्तान मांडलं. शेजारी मावशीच्या नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान होतं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर पुढच्या बाजूला वर्दी शिवायचे आणि मावशी मागे लाकडी चौकटीवर कापड ताणून त्यावर पलटणींची चिन्हं भरायची. जरीच्या तारेनं, हातानं. कुणाच्या खांद्यावर लागायची, कुणाच्या टोपीवर, कुणा साहेबाच्या कोटाच्या खिशावर. आमच्या दोन दुकानांमधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती. त्यामुळे मास्तरांचं मशीन आणि मावशीचा तोंडाचा पट्टा, दोन्ही मला दिवसभर फुकट ऐकायला मिळायचं.

ती मूळची येवल्याची. बापाच्या घरी माग होता. पैठणीच्या पदरावरचे मोर बघत वाढलेली पोरगी लग्न होऊन कॅम्पात आली आणि तिच्या वाट्याला वाघ, तलवारी आणि तोफा आल्या. सासऱ्यांनी तिला हे काम शिकवलं. "मोराला नटवावं लागतं," ती सांगायची. "वाघाला नटवलं की त्याचं मांजर होतं." घोडा तिला आवडायचा नाही, कारण घोड्याचे गुडघे कुणालाच धड काढता येत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं. मीही एका फलकावर घोडा काढला होता. ती माझ्या तोंडावर म्हणाली, "याला दवाखान्यात ने."

इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. चिन्हाखालची अक्षरं ती चित्रासारखी भरायची आणि एखाद्या अक्षराचा पाय आखूड झाला तर माझ्याआधी तिला दिसायचा. पण नवं चिन्ह घेऊन कुणी आलं की काम हातात घेण्याआधी ती त्याची उलटतपासणी घ्यायची. हा घोडा कशाला? आता तुमच्याकडे घोडे आहेत का? ही तलवार वाकडी का? समोरचा सुभेदार बिचारा आठवून आठवून पलटणीचा इतिहास सांगायचा. तो नीट सांगता आला नाही तर ती त्याला परत पाठवायची, विचारून या म्हणून. "ज्याची माहिती नाही त्या जनावराचा डोळा मी कसा काढू?" डोळा ती सगळ्यात शेवटी भरायची. दोन टाके, काळ्या रेशमाचे. तेवढ्यापुरतं तिचं बोलणं थांबायचं आणि भिंतीपलीकडे मला कळायचं, डोळा चाललाय.

एकदा एक अगदी कोवळा लेफ्टनंट आला होता. संध्याकाळी त्याच्या मेसमध्ये काहीतरी समारंभ होता. चिन्ह तयार होतं, मास्तर कागदात गुंडाळायलाही लागले होते. मावशीनं सवयीनं ते उलटं केलं. मागे कुठंतरी धागा गोळा झालेला. तिनं कात्री घेतली आणि त्याच्या डोळ्यांदेखत निम्मं काम उसवलं. तो रडकुंडीला आला. "मावशी, मागचं कौन देखता है?"

"तुम्ही," ती म्हणाली. "जग पुढचं बघतं. तुमच्या अंगाला मागचंच लागतं ना?"

तो माझ्या बाकड्यावर बसून राहिला. तीन चहा झाले, माझ्या रंगाच्या वासानं त्याचं डोकं धरलं, पण पाच वाजता चिन्ह घेऊन गेला. कितीतरी वर्षांनी तोच माणूस मेजर होऊन बायकोला घेऊन आला आणि मावशीच्या पाया पडला. मावशीनं त्याचा खांदा धरला. मला वाटलं आशीर्वाद देतेय. ती शिलाई बघत होती.

चुकलेलं उसवायला तिला कधी लाज वाटली नाही. जे उसवूनही सुधारण्यासारखं नसायचं ते ती बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. ते केरात जाऊ द्यायची नाही. वर्षातून एकदा डबा भरला की ती, मास्तर आणि डबा धरायला मी, असे तिघं दारणा नदीवर जायचो. तिथं ती तीन पायांचे वाघ आणि टोक मोडलेल्या तलवारी एकेक करून पाण्यात सोडायची. मी चेष्टा करायचो, "पुढच्या वर्षी लवकर या म्हणा." ती मला झापायची. "कुणाच्या तरी खांद्यावर जायला निघाला होता तो. त्याला केरात टाकू?" मग आम्ही काठावर बसून मेथीचे ठेपले खायचो. मास्तर एक शब्द बोलायचे नाहीत. ते तसे कधीच बोलायचे नाहीत. एका घरात एकानंच बोलायचं, असा त्यांचा करार झालेला असावा.

आता टिटवीकडे येतो, कारण मावशी म्हटलं की मला तीच आठवते.

तोफखान्याची एक पलटण होती. नाव सांगत नाही. ती उभी राहिली देवळालीतच, माझ्या येण्याच्या वीसेक वर्षं आधी. मग देशभर फिरली, पण चिन्हं मावशीकडूनच न्यायची. दर वर्षा-दोन वर्षांनी त्यांचा एक हवालदार यायचा. त्यांच्या चिन्हात उजवीकडे तोंड केलेली तोफ, आणि तोफेच्या नळीवर बसलेली टिटवी. ती मात्र डावीकडे, म्हणजे मागे बघतेय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या हवालदाराला विचारलं, की टिटवी कशाला? गरुडबिरुड मिळाला नाही का?

तो खुर्चीत ताठ झाला. म्हणाला, पलटण नवी होती तेव्हा इथल्याच माळावर सराव चालला होता. तोफ लावायच्या जागी गवतात टिटवीची अंडी निघाली. पहिल्या साहेबांनी तोफ दहा हात बाजूला घ्यायला लावली. म्हणून टिटवी. "आणि बघा, सगळ्यांची जनावरं पुढं बघतात. आमची मागं बघते. कोण मागं राहिला का ते बघते. आमच्याकडं रिवाज आहे. पलटण कुठूनही हलली की शेवटचा माणूस थांबतो, वळून बघतो, मगच निघतो. पिकनिकला गेलो तरी. छावणीतल्या हागणदारीतून निघालो तरी." तो हसला.

एरवी असल्या गोष्टी मावशी मिटक्या मारत ऐकायची. त्या दिवशी तिनं मान वर केली नाही. मला वाटलं टाके मोजतेय.

पुढं त्याच पलटणीच्या एका मोठ्या फलकाचं काम मला मिळालं. मावशीचं चिन्ह समोर ठेवून मी चार फुटी टिटवी रंगवली. मावशी बघायला आली. बराच वेळ उभी राहिली. घोड्याचा अनुभव असल्यामुळे मी तयारीत होतो, पण ती एवढंच म्हणाली, "माझ्यासारखीच आली रे तुझी पण." मी ती शाबासकी समजलो आणि त्या आनंदात तिला जिलबी खाऊ घातली.

मग नव्याण्णवचा तो उन्हाळा आला. तोफा बर्फाच्या डोंगरात गेल्या. कॅम्पातल्या रस्त्यावर वर्तमानपत्र आलं की आधी लोक गेलेल्यांची नावं वाचायचे. एक दिवस त्यात हरसूलचा एक मुलगा होता, सोमनाथ नावाचा. टिटवीच्या पलटणीतला. लढाई थांबल्यावर तो ओळखीचा हवालदार सुट्टीवर येताना दुकानात आला आणि त्यानं सगळं सांगितलं. वरून मारा चालू असताना त्यांना जागा बदलावी लागली. सगळे खाली उतरले. सोमनाथ शेवटचा होता. रिवाजाप्रमाणे तो थांबला, वळला आणि माणसं मोजली. एक कमी भरला. निफाडचा भाऊसाहेब म्हणून एक जण पायात तुकडा घुसून वरच पडला होता. सोमनाथ परत वर गेला, त्याला ओढत दगडांच्या आडोशाला आणलं आणि आडोशाला येता येता स्वतः मात्र बाहेर राहिला.

"टिटवीची लाज राखली पोरानं," हवालदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. नुसतं मास्तरांचं मशीन. चौथ्या दिवशी मला राहवेना, मी गेलो. मावशी रिकाम्या चौकटीसमोर बसली होती. मांडीवर तो बिस्किटांचा डबा. तिनं तळातून दोन पिवळे पडलेले कागद काढले. तिच्या कामात याला खाका म्हणतात. चित्राखाली कोरा कागद धरून रेघांवर सुईनं भोकं पाडायची, तो कागद कापडावर ठेवायचा आणि वरून खडूची भुकटी चोळायची, की खाली ठिपक्यांचं चित्र उमटतं. भुकटी ती नेहमी माझ्याकडूनच न्यायची.

"हा तोफेचा," ती म्हणाली. "हा पाखराचा. साहेबांचं पाखराचं नक्की होईना, म्हणून ते चित्र दोन दिवस उशिरा आलं. त्यामुळे कागद वेगळा. आता याला हात लाव. एक बाजू गुळगुळीत आहे, एक खरखरीत. गुळगुळीत वर ठेवायची असते. बघावं लागत नाही, बोटाला कळतं. त्या दिवशी सकाळी विळीवर माझं बोट कापलं होतं. चिंधी बांधलेली. बोटाला काही कळलंच नाही."

मला अजून उमगलं नव्हतं.

"पाखरू पुढं बघत होतं रे. साहेबांच्या कागदावर. मी कागद उलटा ठेवला."

पुढचे कित्येक दिवस ती ठिपक्यांवरून भरत राहिली. परेडच्या आदल्या दिवशी सगळी चिन्हं गेल्यावर, पसारा आवरताना तिनं मूळ चित्र पाहिलं आणि चूक तिच्या लक्षात आली. रात्रीतून उसवण्यासारखी ती दोन-चार नव्हती. ती गप्प बसली. परेडला पहिल्या साहेबांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि भाषणात सांगितलं, आपली टिटवी मागे बघते, कारण आपण कुणाला मागे सोडत नाही. त्यांना खरंच तसं वाटलं, की कुणाची तरी चूक त्यांनी झाकली, हे मावशीला कधीच कळलं नाही. ते साहेब पुढे बदलून गेले. मावशीनं झालेल्या चिन्हावरून नवा, एकसंध खाका पाडला. त्यात चूक सुलटीच दिसायची. हे दोन कागद डब्याच्या तळाशी गेले, आणि दारणेवर जाताना ती दरवर्षी तेवढे घरी काढून ठेवायची.

"माझ्या चुकीचा यांनी रिवाज केला. त्या रिवाजापायी ते पोर परत वर गेलं. सांग पेंटर, हे कुठून उसवू?"

मी म्हणालो, "मावशी, इतकी वर्षं झाली. कुणाला माहीत आहे? सोडा." आजही ते आठवलं की मला माझीच शरम वाटते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला उलटं करून बघितलं.

पुढून मशीन थांबलं. मास्तर पाठमोरेच म्हणाले, "मला माहीत होतं."

मावशीनं मान वळवली. "काय माहीत होतं?"

"खांद्यावर शिवली ती मीच ना. चित्र मी पण बघितलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

मास्तरांनी दोरा ओवला. "तुझं बोट कापलेलं होतं," म्हणाले, आणि मशीन पुन्हा सुरू झालं. मी बाहेर येऊन उगाच ब्रश धूत बसलो. नवराबायकोतल्या गोष्टीत तिसऱ्यानं किती वेळ उभं राहायचं?

सोमनाथच्या बापाला खरं सांगायचं, असं मावशीच्या मनानं घेतलं. ती तीनदा हरसूलच्या एसटीत बसली. तिन्ही वेळा त्र्यंबकला उतरून परत आली. "काय सांगू त्याला? तुझा मुलगा माझ्या बोटामुळे गेला?" या बाईनं कर्नलला घडी मोडली म्हणून सुनावलेलं मी ऐकलं होतं. तिला एका शेतकऱ्यासमोर उभं राहायची छाती होईना. चार वर्षं अशीच गेली. त्या चार वर्षांत माझ्या पाट्यांना फ्लेक्सनं खाल्लं आणि तिच्या वाघांना कॉम्प्युटरच्या मशीननं. तिचे डोळे अधू झाले. तिचा मुलगा ओझरला विमानाच्या कारखान्यात होता. तो म्हणाला, आता बास, दोघंही इकडे या. दुकान आवरायचं ठरलं. चौकटीचे खिळे काढायलाच मला बोलावलं होतं, त्याच दिवशी ते दोघं आले.

एक म्हातारा, डोक्याला टोपी, काखेत पिशवी. बरोबर पाय ओढत चालणारा तिशीचा माणूस, त्याच्या हातात द्राक्षांची पेटी. म्हातारा दारातच थांबला. "पलटणीच्या बाई त्या हितंच का? मी लहानू. हरसूलवरनं आलो. सोमनाथचा बाप."

मावशीच्या हातातला हातोडा तसाच राहिला. मी तो काढून घेतला.

म्हाताऱ्यानं पिशवीतून वर्दीचा शर्ट काढला. मुलाच्या ट्रंकेत आलेला. गावच्या शाळेत भिंतीवर काचेच्या पेटीत तो लावायचा होता. पण घरात उंदरानं खांद्यावरचं चिन्ह कुरतडलं होतं. तोफ गेली होती, टिटवीची पाठ गेली होती. वळलेली मान तेवढी शिल्लक होती. "पलटणीतनं सांगितलं, तुमीच काढता म्हून. तेवढं नवं करून द्या, बाई."

मावशीनं दोघांना बसवलं. पाणी दिलं. चहा सांगायला मास्तर स्वतः गेले, जे मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती जमिनीवर त्यांच्यासमोर बसली, डबा उघडला आणि दोन कागद बाहेर काढून सगळं सांगितलं. बोट, चिंधी, परेड, सगळं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. शेवटी म्हणाली, "दादा, ते पाखरू पुढंच बघत होतं. माझ्या हातानं ते मागे वळलं. नाहीतर तुमचा मुलगा सरळ खाली आला असता."

लहानूबाबानं ते दोन्ही कागद हातात घेऊन पाहिले. मग म्हणाला, "सोमा एवढाला व्हता तव्हा गुरं घेऊन जायचा. सांजच्याला एखादं वासरू कमी आलं का हा हातातली भाकर टाकून पुन्हा डोंगरात. पाऊस बघायचा नाय, अंधार बघायचा नाय. लय मारलाय मी त्याला त्याच्यापायी. पाठीवर वळ उठंस्तवर मारलाय." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तव्हा कुठं व्हतं, बाई, तुमचं पाखरू?"

मावशी रडत होती. तिला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मला वाटलं आता हिचं ओझं उतरलं.

पण तो पाय ओढणारा माणूस मान हलवत होता. भाऊसाहेब तोच. "बाबा म्हणतेत ते खरं आसंल," तो म्हणाला. "पण माझंपण आयका, मावशी. मी वर पडलेलो. पायाचं काही राहिलं नव्हतं. सगळे उतरून गेलेले दिसत व्हते. मला फक्त एवढंच माहीत, की शेवटचा माणूस वळून बघणार. म्हणून मी हाका मारत राहिलो. नायतर मारल्या नसत्या. डोळे मिटून घेतले असते." त्यानं दुखरा पाय हातानं सरळ केला. "मला दोन पोरी हायेत आता. थोरलीला शाळेत घातलंय."

एकाच पाखरानं एकाला नेलं होतं की नव्हतं नेलं, आणि एकाला आणलं होतं. दोघंही एकाच बाकड्यावर बसले होते आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. मास्तर चहा घेऊन आले, ग्लास हातात देत गेले. मावशीनं पदरानं तोंड पुसलं.

"मग आता सांगा," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "कसं काढू? साहेबांच्या कागदावर होतं तसं, की खांद्यावर होतं तसं? तुम्ही म्हणाल ते."

लहानूबाबानं उंदरानं खाल्लेल्या त्या खांद्यावर बोट ठेवलं. वळलेल्या मानेवर. "आसंच," तो म्हणाला.

खिळे मी पुन्हा ठोकले. चौकट पुन्हा उभी राहिली. मावशीनं कापड ताणलं, त्यावर तोफेचा जुना कागद ठेवला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी दुकानातून खडूची भुकटी आणली. तोफ उमटली. मग तिनं पाखराचा कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि मग डोळ्यांचा नाद सोडून त्यावरून बोट फिरवलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. गुळगुळीत बाजू सापडली तशी तिनं ती वर धरली. सगळे बघत होते. तिनं कागद सावकाश उलटा केला, तोफेच्या नळीवर ठेवला आणि तळहातानं नीट सपाट केला.

"बघून ठेव, पेंटर," ती म्हणाली. "आज बोट शाबूत आहे माझं."